पत्ता दिला कोणी, आणि तो कोणाचा?

हे व्याख्यान आम्ही आधी साताऱ्यात दिलं आणि पंधरा दिवसांनी सांगलीत. विषय एकच, पण प्रश्न अगदी वेगळे आले. साताऱ्यात विचारलं गेलं, "पत्ता सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला का?" सांगलीत विचारलं गेलं, "सर, आम्हाला पत्ते पुरत नाहीत, ते कोणाकडे मागायचे?" लिहून काढताना दोन्ही व्याख्यानं एकत्र केली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी सांधा दिसेल. तो दिसू द्या.

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस इंटरनेटच्या पत्त्यांवर का बोलतो, हे आधी सांगायला हवं. मागे एकदा आमच्या व्याख्यानमालेची निमंत्रणं ईमेलने पाठवली. दोनशेच्या आसपास असतील. त्यातली निम्म्याहून जास्त परत आली. आम्हाला वाटलं, पत्ते लिहिताना चुकलो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमचा पत्ता बदनाम आहे." आम्ही चमकलोच. सत्तरी ओलांडल्यावर हे ऐकायचं! मग त्याने समजावलं, की ज्या सर्व्हरवरून आमचं पत्र निघतं त्याचा पत्ता आणखी शेकडो लोक वापरतात. त्यांतल्या कुणीतरी त्यावरून लाखो फसवी पत्रं पाठवली, म्हणून तो पत्ता काळ्या यादीत गेला. आम्ही काही केलं नव्हतं. आमचा दोष एवढाच, की आम्ही त्या पत्त्यावर राहत होतो. वस्तीवरून माणसाची पारख करण्याची खोड आपल्या समाजाला जुनीच आहे. ती यंत्रांनाही लागली, हे त्या दिवशी कळलं.

तर पत्ता म्हणजे काय? इंटरनेटवर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा लागतो. तो आकडा पाहून माहितीची पाकिटं इकडून तिकडे जातात. १९८१ साली जी पद्धत पक्की झाली, जिला आपण चौथी आवृत्ती म्हणतो, तिच्यात हा आकडा ३२ बिटांचा आहे. ३२ जागा, प्रत्येक जागी शून्य किंवा एक. गणित केलं तर एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. त्या काळी जगातली जोडलेली यंत्रं शेकड्यांत मोजायची. ४२९ कोटी म्हणजे न संपणारा साठा वाटला असणार. कृष्णेकडे पाहून आपल्या आजोबांनाही तसंच वाटत होतं.

सुरुवातीला या आकड्यांची वही एकाच माणसाकडे होती. जॉन पोस्टेल त्यांचं नाव, कॅलिफोर्नियातले. कुणी मागितले की ते आकडे द्यायचे आणि नोंद करायचे. देण्याची मापं तीनच होती : मोठं माप १ कोटी ६७ लाखांचं, मधलं ६५,५३६ चं आणि लहान २५६ चं. आता तुमच्या संस्थेला दोन हजार पत्ते हवे असतील तर? लहान माप पुरत नाही, म्हणून मधलं घ्यायचं आणि त्रेसष्ट हजार पाडून ठेवायचे. किराणा दुकानात पावशेर, मण आणि खंडी एवढीच मापं असावीत, तसला प्रकार. मोठी मापं कुणाला मिळाली? एमआयटी या एका विद्यापीठाला एक, फोर्ड मोटार कंपनीला एक, ॲपलला एक. तेव्हा त्यात लबाडी नव्हती. मागितलं, मिळालं. १९९३ साली ही तीन मापं मोडून हवं तेवढं कापून देण्याची सोय झाली, पण तोवर पंगतीत पहिल्या बसलेल्यांची पानं भरून वाहत होती.

त्याचा आजचा हिशेब पाहा. अमेरिकेकडे दीडशे कोटींहून अधिक पत्ते आहेत आणि आपल्या देशाकडे सुमारे चार कोटी. आपण माणसं १४० कोटी.

इथे आम्हाला कृष्णेचं पाणी आठवतं, आणि ते उगाच नाही. १९७३ साली बच्छावत लवादाने निवाडा दिला आणि पुढे महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी वाटून आलं. त्या निवाड्यातलं एक तत्त्व फार महत्त्वाचं आहे. सप्टेंबर १९६० पर्यंत जे पाणी वापरात आलेलं होतं, त्याला संरक्षण मिळालं. ज्याने आधी धरण बांधलं त्याचा वापर आधी धरला गेला, आणि नव्याने मागणाऱ्याने उरलेल्यातून मागायचं. यात अन्याय आहे का? आहे. मग सगळं पुसून पहिल्यापासून वाटप करायचं का? तर ज्याची शेती त्या पाण्यावर उभी राहिली त्याचं काय करणार? वापर आणि हक्क यांची गाठ एकदा बसली की ती सोडवताना कुणाचा तरी हात कापतो. इंटरनेटच्या जुन्या पत्तेधारकांचं नेमकं हेच आहे. नियम नंतर आले, पत्ते आधी गेले, आणि आधी गेलेल्यांना नंतरचे नियम लावायचे की नाही यावर वाद होत राहिले.

सतराव्या शतकातला लॉक म्हणतो, की निसर्गातल्या वस्तूवर श्रम केलेस तर ती तुझी, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक ठेव. वर्गात हे शिकवताना आम्ही कायम विहिरीचं उदाहरण द्यायचो. आता वाटतं, या पत्त्यांचं द्यायला हवं होतं. कारण इथे शिल्लक किती राहिलं ते मोजता येतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातली शेवटची पाच मोठी मापं पाच विभागांना एकेक करून वाटली गेली आणि कोठार रिकामं झालं.

हे पाच विभाग म्हणजे युरोप व आसपास, आशिया-प्रशांत, उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका आणि आफ्रिका. प्रत्येकाची एक नोंदणी संस्था आहे. आपली आशिया-प्रशांतची संस्था एपनिक, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात २०१२ पासून निक्सी या संस्थेच्या अंतर्गत इरिन नावाची राष्ट्रीय नोंदणी चालते. सांगलीच्या त्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर : मागायचं तर तिथे.

उरलेलं अर्धं उत्तर थोडं कडू आहे. एपनिकने एप्रिल २०११ पासून रेशनिंग सुरू केलं. शेवटच्या साठ्यातून प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, मग तो मुंबईचा बलाढ्य असो की विट्याचा केबलवाला. २०१९ मध्ये तेही निम्मं करून ५१२ वर आणलं. म्हणजे पुढे येणाऱ्या नवख्यालाही निदान एक वाटी मिळावी. आणि मिळालेली वाटी लगेच बाजारात विकू नये म्हणून त्या साठ्यातले पत्ते पाच वर्षं हस्तांतरित करता येत नाहीत.

आम्हाला हे धोरण मनापासून आवडतं, आणि त्याचं कारण आपल्या मातीत आहे. १९७४ च्या सुमारास पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. आमच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांनी समन्यायी पाणीवाटपाची जी चळवळ लढवली, तिच्यातही प्रश्न हाच होता. साठा मर्यादित असेल तर वाटा ऐपतीप्रमाणे, गरजेप्रमाणे की डोक्याप्रमाणे? ब्रिस्बेनच्या धोरणात 'प्रत्येकाला सारखं' आणि 'गरज दाखवा' ही दोन्ही तत्त्वं एकत्र नांदतात. तुम्हाला पत्ते कशासाठी हवेत, किती ग्राहक, कोणती यंत्रं, हे कागदावर दाखवावं लागतं. आणि ही धोरणं कुणी मंत्री ठरवत नाही. कोणीही प्रस्ताव मांडू शकतो, खुल्या बैठकीत चर्चा होते आणि मतदानाने नव्हे तर सर्वसाधारण सहमतीने निर्णय होतो. आपल्याकडच्या ग्रामसभांना लाज वाटावी असं पुष्कळदा चालतं. अर्थात ग्रामसभेत जसे बोलणारे ठरलेले असतात, तसे तिथेही असतात.

पण पाण्याची उपमा एका ठिकाणी तुटते. पाणी वापरलं की संपतं, पत्ता वापरून झिजत नाही. तो परत घेऊन दुसऱ्याला देता येतो. म्हणून पत्त्याच्या बाबतीत जमिनीची उपमा जास्त जवळची आहे. आणि जमीन म्हटलं की सातबारा आलाच.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असते हे तुम्हाला ठाऊक आहे. जमीन कसायची, पीक घ्यायचं, पण परवानगीशिवाय विकायची नाही. इंटरनेटच्या नोंदणी संस्थांची भूमिका वर्षानुवर्षं हीच आहे : पत्ता ही मालमत्ता नाही, तो वापरण्याचा हक्क आहे, आणि तो गरजेपुरता. हे तत्त्व कागदावर छान दिसतं. पण टंचाई आली की बाजार येतो. २०११ मध्ये नॉर्टेल ही दिवाळखोर कंपनी विकली जात असताना मायक्रोसॉफ्टने तिचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. पुढच्या दहा वर्षांत भाव ५० डॉलरच्या घरात गेला. २०१७ मध्ये एमआयटीने आपल्याकडचे सुमारे ८० लाख पत्ते विकायला काढले. फुकट मिळालेली वस्तू. आता शेवटी नोंदणी संस्थांनाही हस्तांतराचे नियम करावे लागले. चोरून व्यवहार होण्यापेक्षा नोंदवून होऊ दे, हा व्यवहारी विचार. नोंद खोटी ठरली तर सगळंच कोसळतं.

आणि ज्या वस्तूला भाव आला तिथे लबाडीही आली. लबाडीचे दोन मोठे प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत.

पहिला प्रकार वाटपातला. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या एका माणसाने कागदोपत्री कंपन्या काढल्या, अस्तित्वातच नसलेल्या अधिकाऱ्यांच्या नावाने प्रतिज्ञापत्रं केली आणि साडेसात लाखांच्या आसपास पत्ते लाटले. तिथल्या नोंदणी संस्थेने ते शोधून काढलं, खटला झाला, आणि २०२३ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. बेनामी सिलिंगची जमीन आपल्याकडे अशीच धरली जायची. कधी कधी तर गड्याच्याच नावावर, आणि गड्याला पत्ता नसायचा.

आफ्रिकेतली गोष्ट याहून गंभीर. तिथली नोंदणी संस्था सर्वांत तरुण, २००५ साली मान्यता मिळालेली. तिच्याकडे साठा सर्वांत शेवटपर्यंत उरला होता. २०१९ मध्ये उघड झालं, की आतल्याच माणसाच्या हातून वहीत फेरफार होऊन लाखो पत्ते भलत्यांच्या नावे गेले होते. त्यानंतर दुसरा वाद पेटला. एका कंपनीला सुमारे ६२ लाख पत्ते मिळालेले होते. संस्थेचं म्हणणं, तुम्ही ते आफ्रिकेबाहेर भाड्याने देता, हे मान्य केलेल्या गरजेत बसत नाही. कंपनीचं म्हणणं, आम्ही करार मोडलेला नाही. प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेलं आणि जुलै २०२१ मध्ये नोंदणी संस्थेचीच बँक खाती गोठली. पगार द्यायची पंचाईत. संचालक मंडळाची गणपूर्ती होईना, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने संस्थेवर प्रशासक नेमला. सहकारातला प्रशासक म्हणजे काय, हे सातारा-सांगलीकरांना समजावून सांगायला नको. २०२५ मध्ये एक निवडणूक रद्द झाली, मग दुसरी होऊन मंडळ पुन्हा उभं राहिलं. संपूर्ण खंडाच्या पत्त्यांची वही एका छोट्या संस्थेकडे, आणि ती संस्था एका सभासदाच्या खटल्यांनी जायबंदी! या वादात कंपनीची सगळीच बाजू चूक होती असं आम्ही म्हणणार नाही. न्यायालयात जाण्याचा हक्क तिलाही आहे. पण गरज बघून दिलेली वस्तू भाड्याने लावणं हे धोरणाच्या पोटावर पाय देणं आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

दुसरा प्रकार : पत्ता नावावर करून न घेता नुसता बळकावणं. हे समजायला स्वारगेटच्या स्टँडवर या. कंडक्टर ओरडतोय, "सातारा, कराड, सांगली!" तुम्ही त्याच्या शब्दावर गाडीत बसता. इंटरनेटवरही मोठी नेटवर्कं एकमेकांना असंच ओरडून सांगतात, "अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडून या." आणि जो जास्त नेमकं ओरडेल त्याच्याकडे गर्दी जाते. एक म्हणाला 'सांगली' आणि दुसरा म्हणाला 'सांगली विश्रामबाग', तर विश्रामबागचे सगळे दुसऱ्याकडे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीला देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. तिने यूट्यूबच्या पत्त्यांचा एक तुकडा आपला म्हणून पुकारला, आणि ती आरोळी देशाबाहेर गेली. जगभरचं यूट्यूब सुमारे दोन तास खड्ड्यात. हेतू जगाचं बंद करण्याचा नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडच्या एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या नेटवर्कनेही ३०,००० हून अधिक परके पत्ता-गट चुकून आपले म्हणून पुकारले होते.

यावरचा उपाय म्हणजे नोंदणी संस्थेने सही केलेला दाखला : हा गट पुकारायचा अधिकार अमुक नेटवर्कलाच. ऐकणाऱ्याने दाखला तपासायचा, जुळला नाही तर आरोळीकडे दुर्लक्ष करायचं. इरिनकडेही ही सोय आहे. पण दाखला काढणं एक आणि तो तपासणं दुसरं. दोन्ही केलं तरच उपयोग.

इथे साताऱ्यात एका वकील मित्रांनी अडवलं. "मग जो बळकावतो, त्याचे पत्ते नोंदणी संस्थेने काढून का घेऊ नयेत?" प्रश्न बरोबर आहे. युरोपच्या नोंदणी संस्थेपुढे २०१९ मध्ये असाच प्रस्ताव आला होता, की बळकावणं हा धोरणाचा भंग मानावा. कडाक्याची चर्चा झाली आणि शेवटी तो मागे घेतला गेला. आक्षेप असा, की वही सांभाळणाऱ्याला न्यायाधीश करू नका. शेतात कुणी हातभट्टी लावली तर पोलीस येतात, खटला चालतो, पण तलाठी सातबारा फाडत नाही. आणि फाडला तर शेजारच्या निरपराध गटाचाही फाटू शकतो, कारण एका पुरवठादाराच्या पत्त्यांवर हजारो घरं असतात. आम्ही बराच काळ प्रस्तावाच्या बाजूने होतो. आता नाही. मात्र तलाठ्याने एक गोष्ट केलीच पाहिजे : नोंद खरी ठेवायची. एपनिकच्या भागात प्रत्येक पत्तेधारकाला गैरवापराची तक्रार घेणारा ईमेल नोंदवावा लागतो, आणि २०१९ पासून तो दर सहा महिन्यांनी तपासला जातो. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. साधी गोष्ट वाटते. पण आम्ही अशा दोन ईमेलवर आमच्या त्या बदनाम पत्त्याबद्दल लिहिलं होतं. एकाकडून उत्तर आलं, दुसऱ्याची पेटी भरलेली होती.

आता साताऱ्याचा मूळ प्रश्न. पत्ता सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला का?

२००७ सालची पुण्याची गोष्ट आहे. ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारं चित्र टाकलं गेलं. लोक संतापले, आणि संताप समजण्यासारखा होता. पोलिसांनी पत्ता मिळवला, इंटरनेट कंपनीला विचारलं हा कोणाचा, कंपनीने नाव दिलं. ३१ ऑगस्टला बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला घरातून उचललं. तो पन्नास दिवस येरवड्यात होता. मग कळलं, की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. त्याचा त्या चित्राशी काहीही संबंध नव्हता.

एका आकड्याच्या चुकीने माणूस पन्नास दिवस आत. चूक कशी होऊ शकते पाहा. घरगुती ग्राहकाला पत्ता कायमचा मिळत नाही, तो फिरता असतो. सकाळी तुमचा, संध्याकाळी माझा. म्हणून 'हा पत्ता कोणाचा' हा प्रश्नच अपुरा आहे. 'अमुक क्षणी कोणाचा' असं विचारावं लागतं. परदेशातल्या कंपनीने वेळ ग्रीनिचची दिली आणि इथे ती भारतीय धरली, तर साडेपाच तासांचा फरक, आणि साडेपाच तासांत पत्ता दुसऱ्या घरी.

आज गुंता आणखी वाढला आहे. सांगलीच्या त्या केबलवाल्याकडे ५१२ पत्ते आणि ग्राहक पाच हजार. तो काय करतो? एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतो. एका पत्त्यावर साधारण ६५ हजार दारं, म्हणजे पोर्ट, असतात. प्रत्येक घराला हजार दारं दिली तरी साठ-पासष्ट घरं एकाच पत्त्यावर सुखाने राहतात. चाळ म्हणा ना. बाहेरून चाळीचं एकच नाव दिसतं, खोली नंबर फक्त पुरवठादाराच्या नोंदीत. त्यामुळे आता पत्ता, दार आणि नेमकी वेळ, तीनही हवं. म्हणूनच दूरसंचार विभागाने २०२१ च्या अखेरीस नोंदी ठेवण्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षं केली, आणि सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये सगळ्यांना आपापल्या यंत्रांची घड्याळं सरकारी प्रमाणवेळेशी जुळवायला सांगितलं. घड्याळ जुळवणं ही केवढी नैतिक बाब असू शकते, हे कान्टलाही सुचलं नसतं, आणि त्याच्या फेरफटक्यावर गावकरी म्हणे घड्याळं लावायचे.

याला दुसरी बाजू आहे. दोन वर्षं कुणाच्या दारातून काय गेलं याची वही गावोगावच्या लहान पुरवठादारांकडे पडून राहते. ती कोण बघतं, कोण विकतं? त्या वहीला कुलूप हवं, आणि किल्ली मागायची तर कायदेशीर कागद हवा.

सांगलीच्या त्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "मग सर, मी करू काय?" आमचं उत्तर तांत्रिक नव्हतं, पण त्यांच्या कामाचं होतं. जुन्या पत्त्यांसाठी दलालाकडे पैसे ओतण्याआधी सहावी आवृत्ती सुरू करा. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा आहे. पुरवठादाराला मिळणारा नेहमीचा गट एवढा मोठा, की त्यातून प्रत्येक ग्राहकाला दोनशे छप्पन्न स्वतंत्र जाळी देऊनही एक कोटीहून जास्त ग्राहक सामावतात. २०१६ मध्ये आलेल्या मोठ्या मोबाईल सेवेने सुरुवातच यावर केली, आणि आज भारतातले तीनपैकी दोनहून अधिक वापरकर्ते सहाव्या आवृत्तीवर पोहोचू शकतात. या बाबतीत आपला देश जगात पुढच्या रांगेत आहे. उशिरा आलेल्याला कधी कधी असाही फायदा होतो.

ते म्हणाले, "पण सर, अजून पुष्कळ ठिकाणी जुनंच लागतं." खरं आहे, लागतं. दोन्ही एकत्र चालवावं लागेल, बरीच वर्षं. मग आम्ही विचारलं, तुमचा तक्रारीचा ईमेल कोण बघतं? ते थोडं थांबले आणि म्हणाले, "तो ज्याने काढला होता, तो मुलगा आता पुण्याला गेला." सभागृहात हशा पिकला, तेही हसले, आणि खाली बसण्याआधी त्यांनी खिशातून फोन काढून कुणाला तरी पासवर्ड विचारला.